अंगठ्याचं कलम

चहा घ्या आधी. गोष्ट ऐकताना हसाल आणि अंगावर सांडेल, म्हणून आधीच घ्या. हसा मात्र बिनधास्त. फजिती माझीच आहे, आणि ती करायला मी कुणाचीही मदत घेतली नव्हती!

तर माझा उजवा पाय. अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आलेलं, लिंबाएवढं. आणि अंगठा? तो खुशाल शेजारच्या बोटाच्या अंगावर झोपलेला! चपलेचा पट्टासुद्धा लागायचा, मग बूट कुठला घालतो मी!

आमची नात सुमी डहाणूला नर्स आहे. हे सांगताना छाती फुगते माझी, फुगू द्या. तिचं लग्न ठरलं, तलासरीकडचा मुलगा. तिने माझ्यासाठी काळे बूट आणले. "आजा, मांडवात हे घालून माझ्या मागे उभा राहायचंस तू." पण उजवा पाय काही आत जाईना. तशी ती बोलली, "बूट नाही परत करायचा. पायच दुरुस्त करू."

आणि केला की हो! डॉक्टरने बारीक भोकं पाडली, त्यातूनच आतलं हाड कापलं, सरळ केलं, स्क्रू बसवले. मोठी चीर नाही, काही नाही. त्याच दिवशी फळीसारख्या कडक तळाचा एक बूट चढवला आणि टाचेवर भार देऊन मला चालवलं. आमच्या अख्ख्या पाड्यात असं ऑपरेशन कुणाचं झालंय? कुणाचंच नाही!

घरी सोडताना डॉक्टरने बजावलं. पाय उशीवर, छातीपेक्षा उंच ठेवायचा. सूज येईल, काही महिने राहील, घाबरायचं नाही. पट्टी भिजवायची नाही, सोडायची तर अजिबातच नाही, कारण अंगठ्याला तीच धरून ठेवते. "नीट सांभाळलंत तर लग्नात बूट घालाल." आता यात न समजण्यासारखं काय होतं, सांगा!

सुमी ड्यूटीवर गेली. मी ओट्यावर खाटेवर, पाय दोन उशांवर. लोक बघायला यायचे. मी पायावरची चादर अशी हळूच बाजूला करायचो, जशी देवावरची फुलं बाजूला करतात!

मग आले देवजी व्याही, सुमीचे होणारे सासरे. केळ्यांची फणी घेऊन आले, बसले, पट्टीकडे बघत राहिले.

"चीर केवढी मारली, व्याही?"

"चीर नाहीच. भोकं आहेत. टाचणीएवढी."

"टाचणीएवढी?" व्याही हसायलाच लागले. "मग ऑपरेशन कसलं? काटा काढला बोला! आमच्या बैलाला गोचीड डसते ना, तिचं भोक मोठं असतं."

आता दुसरं कुणी बोललं असतं तर मी सोडून दिलं असतं. मी सावकाश माणूस, रागवायलाही मला अर्धा दिवस लागतो. पण व्याही! उद्या मांडवात हा माणूस चार लोकांत सांगणार, सुमीच्या आजाचा काटा काढला म्हणून.

मी पट्टीला हात घातला.

"ओ सुमीच्या आजा!" आमची म्हातारी चुलीपासून ओरडली. "सोडू नको ती!"

"बघू दे गं त्यांना जरा."

"डॉक्टर काय बोललाय?"

"बांधतो ना परत! बांधणं कुणाचं काम आहे?"

हे तुम्हाला सांगायलाच हवं. घोलवडच्या नर्सरीत मी उभा जन्म चिकूची कलमं बांधली. रायणीच्या रोपाच्या खुंटाला चिकूची काडी जोडायची आणि वरून प्लास्टिकची पट्टी अशी आवळायची की आत वारा शिरता कामा नये. शेठ माझ्याकडे बोट दाखवून सगळ्यांना सांगायचा, जान्याचा हात लागला की वाळक्या लाकडालापण पालवी फुटते.

तर सोडली पट्टी. व्याही वाकले, डोळे बारीक केले.

"कुठं आहेत भोकं?"

"हे एक. हे दुसरं."

"ही होय? मला वाटलं मुंगी चावली."

घ्या! दाखवूनही इज्जत गेली ती गेलीच. दवाखान्याची पट्टी खाली पडली होती आणि तिच्यावरून कोंबडी चालत गेली होती. मग मी खुंटीवरची कलमाची पट्टी काढली. अंगठा आणि शेजारचं बोट जवळ घेतलं, एकमेकांना चिकटवलं. खालून वर, वेढ्यावर वेढा, शेवटी गाठ. पाण्याचा थेंब शिरणार नाही!

व्याही बघतच राहिले. "वा, व्याही! हात आहे की मशीन!"

झालो मी खूश. एवढंच तर पाहिजे होतं मला.

दुसऱ्या दिवशी दोन्ही बोटं फुगली. वांग्यासारखी जांभळी! म्हातारी घाबरली. मी घाबरलो? छे! कलमाच्या जोडावर फुगवटा आला म्हणजे काय? कलम धरलं! आणि डॉक्टरही बोललाच होता ना, सूज येईल? ठणका पार मांडीपर्यंत जात होता, आणि मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होतो, "धरलं हो, धरलं!"

तेवढ्यात सुमी आली. मी हसत पाय पुढे केला. "बघ, धरलं."

ती अशी किंचाळली की कोंबड्या कुडावर चढल्या. कात्रीने पट्टी कापली, मला रिक्षात घातलं आणि थेट डॉक्टरपुढे नेऊन बसवलं. कापलेली पट्टी टेबलावर ठेवली.

"हे कुणी बांधलं होतं?" डॉक्टरने विचारलं.

सुमी खाली बघायला लागली. मी ताठ बसलो. "मीच. हातातलं काम आहे माझ्या."

डॉक्टरने पट्टी उलटसुलट करून बघितली. "बाबा, काम झकास आहे. पण हा अंगठा इतकी वर्षं शेजाऱ्याच्या अंगावर पडायचा, म्हणून तर त्याला लांब केला. आणि तुम्ही दोघांना एका गोधडीत गुंडाळलंत!"

जन्मभर दोन गोष्टी जोडायलाच बांधल्या. लांब ठेवायलाही बांधतात, हे कुठं माहीत!

फोटो काढला, स्क्रू जागेवर होते. पण अंगठा थोडा कलला होता. पुन्हा पट्टी, आणि फळीचा बूट आणखी काही आठवडे वाढला. लग्न त्याच्या आतच आलं.

मग काय! मांडवात डाव्या पायात नवा काळा बूट, उजव्या पायात फळी. सुमी एक शब्द रागवली नाही. माझा हात धरून चालली. आणि देवजी व्याही पुढे होऊन ओरडत होते, "वाट सोडा, वाट सोडा! माझ्या व्याह्यांचं मोठं ऑपरेशन झालंय!" ऐकलंत? मोठं बोलले ते!

आता अंगठा सरळ आहे, दोन्ही बूट घालतो. परवा तेच घालून नर्सरीत गेलो. नवीन मुकादम एका पोरीवर ओरडत होता, "अगं, ढिलं कर! जान्याआजाचा अंगठा बांधतेस का?"

मी तिच्याजवळ जाऊन विचारलं, "पोरी, कोण गं हा जान्याआजा?"

ती मान वर न करता बोलली, "मी नाही बघितला. पण ह्या नर्सरीत त्याच्याएवढं वाईट कुणालाच बांधता येत नव्हतं म्हणे."