पंचनाम्यावरचा डाग

त्या दारावरचं डांबर माझ्या डोळ्यांपुढून अजून जात नाही. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. घाटकोपरच्या टेकडीवरच्या एका चाळीत, सव्वीस जानेवारीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, पोस्टातल्या एका कारकुनाच्या दारावर कोणीतरी डांबराने 'देशद्रोही' असं लिहिलं होतं.

आदल्या दिवशी झेंडावंदनानंतर तो माइकवर बोलला होता. चाळीच्या संडासांना दोन वर्षं दारं नाहीत, बायका अंधार पडायची वाट बघतात, तोवर माझा सलाम अर्धाच आहे, असं.

पोलीस चौकीतून मी गेलो तेव्हा त्याची बायको ट्रंक भरत होती. भावाकडे दहिसरला जाणार म्हणत होती. मी त्याला म्हटलं, "अहो, पण असं बोलायचंच कशाला?"

तो माझ्याकडे पाठ करून बायकोला कपडे देऊ लागला.

पंचनामा केला. पंच म्हणून शेजारचा एक म्हातारा पुढे आला. तो गिरणीतून निवृत्त झालेला मालवणी माणूस. चाळीत पोलीस आले की सहीला हाच पहिला.

मग खबऱ्याने सांगितलं, हे मंडळाच्या पोरांचं काम. तिघांना बोलावलं, दोन दिवस उलटसुलट विचारलं. मोठमोठ्या बाता मारल्या त्यांनी, पण डांबर आणलं कुठून ते एकालाही सांगता येईना. सोडून दिलं. मग हे केलं कोणी, हा किडा काही डोक्यातून जाईना.

तिसऱ्या दिवशी कागद लावताना पंचनाम्याचं पान वरच्या कागदाला चिकटलं. म्हाताऱ्याच्या सहीशेजारी काळा डाग होता. तो मी आधीच पाहिला होता आणि कार्बनचा समजलो होतो. पण कार्बन चिकटत नाही. नाकाशी धरला तर रॉकेलचा वास. हात रॉकेलने धुतले, नखांतलं डांबर राहिलं आणि गडी हौसेने सही करायला आला. मला हसू आलं.

चौकीत चहा पाजून विचारलं, तेव्हा पाचच मिनिटांत कबूल झाला.

"माझो झील लष्करात, सीमेर आसा, सायबानू. आणि ह्यो झेंड्याखाली उभो रवान देशाची अब्रू काढता?"

"तो बोलला ते खोटं होतं का?"

त्याने कप खाली ठेवला. "खोटा नाय. पण झेंड्याखाली बोलूचा काय?"

"मग कुठे बोलायचं?"

तो नखांतलं डांबर खरवडू लागला.

कारकुनाने केस नको म्हटलं. दोनच अटी घातल्या. दार म्हाताऱ्यानेच पुसायचं आणि कारकुनाविरुद्ध जे म्हणायचं ते पंधरा ऑगस्टला त्याच माइकवरून उघड म्हणायचं. बायकोने ट्रंक रिकामी केली, पण पंधरा ऑगस्टपर्यंत माळ्यावर ठेवली नाही.

त्या दिवशी मी मुद्दाम गेलो. म्हाताऱ्याने कारकुनाला चांगलंच झाडलं. झेंड्यापुढे गाऱ्हाणी नकोत, म्हणाला. कारकून पहिल्या रांगेत मान खाली घालून ऐकत होता. मग म्हातारा अडखळला.

"पण माझी बायकोय काळोख पडायची वाट बघता. ह्याका मी काय उत्तर देव?"

पहिली टाळी कारकुनाने वाजवली. त्याच संध्याकाळी संडासांना दारं बसवण्यासाठी दोघांच्या सह्यांचा अर्ज वॉर्ड ऑफिससाठी तयार झाला.

तपास मी लावला म्हणून साहेबांनी पाठ थोपटली. मला मात्र त्या पहिल्या सकाळची लाज वाटते. 'असं बोलायचंच कशाला', हेच म्हातारा डांबराने सांगत होता आणि मी वर्दीत उभा राहून तेच विचारलं होतं.