पासूनची पामुलगी

आमच्या वहिनी, म्हणजे थोरल्या भावाची बायको, कॉम्प्युटर शिकल्या त्या पन्नाशीनंतर आणि स्वतःच्याच पद्धतीने. नवं पान हवं असलं की जुनं संपेपर्यंत एंटर दाबत राहायच्या. शीर्षक मधोमध आणायला स्पेसबार. मी सांगायचो, "वहिनी, त्याला बटण आहे." त्या म्हणायच्या, "भाऊजी, तुमचं बटण तुमच्याकडे. माझं पान सरळ आलं ना?" मी जन्मभर हिशेब तपासत आलो, असला कारभार मला बघवायचा नाही. पण पान सरळ यायचं, हे खरं.

याच हातांनी त्यांनी आईच्या आठवणींचं पुस्तक टाइप केलं. आईची नजर गेलेली, आवाजही खोल गेलेला. ती सांगायची, वहिनी लिहायच्या. पुन्हा सगळं सांगण्याची ताकद आईत उरली नव्हती. आणि फाइल एकच, दुसरी प्रत नाही.

छापखान्यात द्यायच्या दिवशी सकाळी आई वहिनींचं वाचन ऐकता ऐकता म्हणाली, "सारखं काय गं सून सून? मुलगी लिही की." वहिनींचे डोळे भरून आले. शोधून एकदम सगळीकडे शब्द बदलायची युक्ती त्या नुकत्याच शिकल्या होत्या. 'सून' काढून 'मुलगी' घातली, फाइल सेव्ह केली, बंद केली आणि उठल्या.

दुपारी फोन आला. "भाऊजी, लगेच या. पुस्तक गेलं."

मी पोचलो तेव्हा माझी ताई, आईची एकुलती एक मुलगी, स्क्रीनसमोर तोंडावर हात ठेवून उभी होती. मी वाचलं: 'लहानपणापामुलगी मी खिडकीत बमुलगी रडायची आणि डोळे पुमुलगी कामाला लागायची.'

पासून, बसून, पुसून... आपल्या भाषेत जिथे तिथे सून दडून बसलेली असते, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. फाइल बंद झाल्यामुळे केलेलं मागे घ्यायची सोयही नव्हती.

"उलटं कर की! मुलगीची सून कर," ताई म्हणाली.

"मग तू माहेरीच सून होशील. पुस्तकात तुलाही 'मुलगी'च म्हटलंय."

कोणी हसलं नाही.

शेवटी एक वाट सापडली. सुट्या 'मुलगी'च्या आधी मोकळी जागा असते, चिकटलेल्या 'मुलगी'च्या आधी नसते. मोकळ्या जागेसकट शोधून सुट्या मुलींना आधी चांदणीची खूण दिली. उरलेल्यांची सून केली. मग चांदण्यांच्या जागी मुली परत बसवल्या. 'लहानपणापासून' ठिकाणावर आलं. मी घाम पुसला.

"द्या आता छापायला. आईच्या मनासारखं झालं, सगळ्या मुलीच."

"नाही," वहिनी म्हणाल्या. "मला पुन्हा सून करा."

"अगं वहिनी, आई लेक म्हणतेय तुला!" ताई चकित झाली.

वहिनींनी एका ओळीवर बोट ठेवलं. 'मी आजारी पडले तेव्हा मुलगी रात्रभर उशाशी होती.' "वन्सं, ही कोण?"

"मी," ताईने क्षणाचाही विचार केला नाही.

वहिनी माझ्याकडे वळल्या. "बघा भाऊजी. मुलगी म्हटलं की माझी सगळी उस्तवार यांच्या नावावर जमा."

इतक्या वर्षांत त्यांचा असा आवाज मी ऐकला नव्हता.

कॉटवरून आई म्हणाली, "एकदम काही बदलू नकोस रे. एकेक मुलगी वाच. मी सांगते कोण ती."

मी शोधत गेलो, वाचत गेलो. छापखान्याचा फोन वाजत होता, कोणी उचलला नाही.

"नाटकात राणी झाली ती?"

"ताई."

"जिन्यावरून तुला उचलून आणलं ती?"

"सूनबाई. कंबर धरली होती बिचारीची."

मग ती उशाशी बसलेली आली. आईने ताईच्या दिशेने तोंड वळवलं.

"सूनबाई. तू दुसऱ्या दिवशी आलीस गं, उजाडल्यावर."

ताई खुर्चीत बसली. "मला खरंच वाटत होतं, मीच होते म्हणून," ती पुटपुटली.

मी त्याही जागी 'सून' केलं. वहिनींनी ताईसमोर पाण्याचा पेला ठेवला.

"पुढची वाच," आई म्हणाली.