तलासरीची सहा घड्याळं

किस्से घोलवडच्या चिकूंसारखे असतात. झाडावरून उतरवले त्या दिवशी नुसता चीक. चार दिवस ठेवले की गोड! माझ्याकडे असे बरेच साठलेत. भूगोलात पीएचडी केली, आयुष्यभर कॉलेजात शिकवलं आणि आता डहाणूहून जीपने तलासरीच्या एका शाळेत सातवीला हौसेने शिकवायला जातो. मुलांना खरंच काही कळतं का, ही धास्ती मात्र अजून निवृत्त झालेली नाही.

*

जगाच्या वेळा शिकवायला भिंतीवर पाच घड्याळं लावली. न्यूयॉर्क, लंडन, दुबई, तलासरी, टोकियो. घरी तीनदा आकडेमोड तपासली होती.

दुसऱ्या दिवशी बघतो तर पाचही घड्याळांत पावणेअकरा! शिपाई लखमाकाका दारात हसत उभे.

"सर, चार घड्याळं येडी झालेली. सकाळीच लायनीवर आणली!"

मी थँक्यू म्हणालो. मग स्टूल ओढून चारांचे काटे परत फिरवले.

*

टॉर्च आणि चेंडू घेऊन सांगत होतो, "आपल्याकडे सूर्य मावळतो, तेव्हा लंडनला दुपार असते."

मागच्या बाकावरून किसन म्हणाला, "म्हणजे आपलं वापरून झालेलं ऊन त्यांना जातं?"

"तसं नाही रे..."

"तरीच ती माणसं स्वेटर घालतात. शिळं ऊन!"

*

"लंडनपेक्षा आपण साडेपाच तास पुढे," असं म्हटलं की प्रश्न ठरलेला. "सर, वरचा अर्धा तास कशाला?"

वीस मिनिटं बोललो. देशाच्या पूर्वेला आधी उजाडतं, पश्चिमेला उशिरा, म्हणून मधली एक रेषा धरून सगळ्यांची वेळ ठरवली. पोरं खिडकीबाहेर बघायला लागली. एवढं शिकूनही मला साधं सांगता येत नाही!

मग पुढच्या बाकावरची प्रमिला म्हणाली, "म्हणजे दोन भावांच्या शेतामधला बांध. दोघांनी थोडं थोडं सोडायचं."

एवढ्यासाठी मी प्रबंधात अकरा पानं खर्च केली होती.

*

तपासणीला साहेब आले. भिंतीकडे बोट करून म्हणाले, "यातलं बरोबर कुठलं?"

मुख्याध्यापक बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे.

किसन उठला. "सगळीच बरोबर आहेत, साहेब. तुम्ही कुठं उभे आहात, त्यावर आहे!"

साहेब दोन पावलं सरकून उभे राहिले.

*

प्रमिला समुद्रकाठच्या झाई गावची. वडील मालवाहू बोटीवर खलाशी. घड्याळं लावली त्याच दिवशी तिनं विचारलं होतं, "सर, माझ्या बाबांचं कुठंय?"

बोट चालती, खाली नाव कुठल्या गावाचं लिहिणार? तिनं घरून जुनं घड्याळ आणलं आणि बिननावाचं टांगलं. बाबांचा मेसेज आला की स्टुलावर चढून काटे फिरवायची.

सिंगापूरहून मेसेज आला, "आता सुटतो. थेट घरीच." तिनं काटे अडीच तास पुढे लावले. नंतर तीन आठवडे काहीच नाही. घड्याळ आपलं सिंगापूरच्या वेळेवर चालत राहिलं. ती त्याच्याकडे बघायची, मी तिच्याकडे.

"समुद्रात रेंज नसते गं," मी म्हणायचो.

"माहितीय, सर."

हे सहावं घड्याळ मी लावू तरी कशाला दिलं, असं वाटायला लागलं होतं. काढू म्हटलं तर हात होईना.

सोमवारी वर्गात शिरलो. तलासरीत पावणेअकरा. प्रमिलाच्या घड्याळातही पावणेअकरा! बाकीची चार आपापल्या वेळेवर, फक्त हेच हललेलं. मी कधी नाही तो चिडलो.

"लखमाकाका! परत लायनीवर आणलंत? निदान त्या पोरीचं तरी सोडायचं होतं!"

"मी हात नाय लावला, सर," लखमाकाका म्हणाले. "पोरीनंच फिरवले काटे. तो बघा, बाप तिचा, बाहेर चपला काढतोय."