दिवसभर चालेल, असं मी म्हणालो

आमच्या शेजारचे चाचा एसटीचे ड्रायव्हर. शेवगाव-जामखेड रस्त्यावर त्यांचं निम्मं आयुष्य गेलं. डोळे अधू झाले तेव्हा डेपोत टेबलाचं काम मिळालं, तिथं ते मराठी टायपिंग शिकले. चाची वारल्या आणि त्यांना लिहावंसं वाटू लागलं. घरात गडबड, म्हणून ते तिसगावजवळच्या आपल्या रानात कडुलिंबाखाली जाऊन बसायचे. तिथं वीज नव्हती, आणि मोबाईलच्या उजेडानं डोळ्यांतून पाणी यायचं.

माझं गावातच कॉम्प्युटर-मोबाईल दुरुस्तीचं दुकान. मला म्हणाले, "एक लिहायचं मशीन करून दे. दुसरं काय बी नको त्यात. उन्हात दिसलं पायजे, डोळ्याला तरास नको, अन् दिवसभर चाललं पायजे."

काय लागेल ते मला तिथल्या तिथं कळलं होतं. लिहिण्यापुरता अगदी कमी वीज खाणारा लहान कॉम्प्युटर-बोर्ड पुरतो. स्क्रीन कागदासारखी काळी-पांढरी, जिच्यामागं दिवा नसतो आणि अक्षर बदलतानाच वीज लागते, अशी. तसा एक जुना बोर्ड माझ्या खणात पडूनही होता. पण हातानं जोडलेल्या कॉम्प्युटरचे फोटो टाकणाऱ्यांच्या एका ग्रुपमध्ये मी होतो, आणि तिथं असलं मिणमिणतं मशीन कोण बघणार? मी वेगवान बोर्ड मागवला, झगझगीत रंगीत स्क्रीन घेतली, सागवानी डबा करून घेतला.

किती वीज जाते ते बघायला मीटर लावला. आकडा फारच मोठा आला, म्हणून मी गुपचूप स्क्रीनचा उजेड अगदी मंद केला. मग आकडा बरा दिसला. बॅटरी किती उरली ते दाखवणारं छोटं सर्किट जोडायचं होतं, त्याचा कंटाळा केला. फोटो टाकले. वाहवा झाली.

"दिवसभर चालंल ना?" चाचांनी विचारलं.

"चालेल की."

तिसऱ्या दिवशी दुपारी चाचा टॉवेलात गुंडाळलेलं मशीन घेऊन दुकानात आले. घामाघूम झालेले.

"बंद पडलं रे. मीच कायतरी चुकीचं दाबलं आसंल. सकाळपासून तुझ्या चाचीचं लिहीत हुतो. लग्नानंतर पहिल्यांदा माझ्याच गाडीत बसून आली हुती, ते. कुनाला कदी सांगितलं न्हाई. मधी थांबलो न्हाई म्हनून सेव्ह बी केलं न्हाई. निघंल का परत?"

मी चार्जर लावला. लिहिलेलं काहीच उरलं नव्हतं. उन्हात दिसेना म्हणून त्यांनी उजेड पूर्ण वाढवला असणार, आणि तीन-साडेतीन तासांत बॅटरी संपली असणार. दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती. मी म्हणालो, "चाचा, मधून मधून सेव्ह करायचं असतं."

"व्हय," ते म्हणाले. "चूक माझीच."

आठवड्यात मी सगळं काढून दुसरं बसवलं. खणातला तो हळू बोर्ड, काळी-पांढरी स्क्रीन, आपोआप सेव्ह होण्याची सोय, आणि साधा प्लॅस्टिकचा डबा. एका चार्जिंगवर ते दोन दिवस चालायला लागलं. "दुरुस्त केलं," एवढंच मी सांगितलं. चाचा खूश झाले, त्यानं मला आणखीच मेल्यासारखं झालं.

पुढं एका सकाळी मी रानात गेलो. चाचीचं परत लिहिलं का, म्हणून विचारलं.

"दोनदा बसलो. पन त्या दिवशी आलं हुतं तसं येत न्हाई. माझ्याच हातानं घालवलं."

मग मी बोललो. मीटर, मंद केलेला उजेड, न जोडलेलं सर्किट, फोटो, सगळं. माझं संपल्यावर चाचा म्हणाले, "त्या दिवशी दुकानातच का न्हाई बोललास?"

"गिऱ्हाइकं होती."



"मी घरी जाऊन सुनंला सांगितलं," चाचा म्हणाले, "की आता मला काय जमत न्हाई, डोकं चालत न्हाई. ती तवापासून माझ्या गोळ्या मोजून देती."

एवढं बोलून ते पुन्हा टाइप करायला लागले. मी निघालो. त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन सुनेला खरं सांगितलं. तिनं चहा केला.

चाचा अजून रोज लिहितात. रस्त्यात भेटले की हाक मारतात. परवा त्यांच्या मोबाईलची काच फुटली, ती त्यांनी शेवगावला जाऊन बसवून आणली.