भोरड्या आणि धुऱ्यावरचं झाड

सत्तरच्या दशकात हिंगणघाटजवळच्या गावात मी नवी सून होते. आमच्या ज्वारीच्या वावराला लागून चुलत जावेचं वावर, मधे फक्त धुरा, म्हणजे मातीचा बांध. दिवस उगवला की आम्ही दोघी आपापल्या मचाणावर, हातात गोफण. भोरड्यांचा थवा आला की ती असा दगड भिरकावायची की थवा उठून माझ्याच कणसांवर यायचा. मी ओरडले तर म्हणाली, "पाखरं काय माह्या माहेरची आहेत वं?"

त्या साली आमच्याकडे बियाण्यापुरतीही धड कणसं उरली नाहीत. सासूबाई तिच्याकडे मागायला गेल्या. तिनं चार बायकांसमोर बारकी, टोचलेली कणसं सुपात टाकली. "घ्या काकूजी. राखण करणारी सून नाई भेटली तुमाले."

घरी येऊन सासूबाईंनी ते सूप माझ्यापुढे ठेवलं. मी पाखरांच्या नोंदींसाठी वही उघडली.

पुढच्या हंगामात गोफण फिरवता फिरवता सगळं टिपलं. भोरड्या पोळ्यानंतर दिसू लागतात. अंग गुलाबी, डोकं आणि पंख काळे. मळकट तपकिरी ती त्या वर्षीची पिल्लं. मुक्काम नदीकाठच्या बाभळींत. दुपारी नाल्यात आंघोळ. ज्वारी निघाली की टोळ, मग पळसाच्या फुलांतला रस, आणि उन्हाळ्यात गायब. इथं घरटं एकही नाही. अंडी दूर परदेशात घालतात, हे पुढे पुस्तकात वाचलं.

कामाची नोंद एकच होती. थवा थेट कणसांवर क्वचितच उतरे. आधी उंच झाडावर जमायचा, मग कोसळायचा. तिच्या वावरात मधोमध कडुनिंब होता; आमच्या बाजूला धुऱ्यावर वाळलेला हिवर. तिथून उठवलेला थवा या हिवरावर यायचा.

सासऱ्यांना विचारून त्यापुढच्या पेरणीआधीच मी हिवर तोडून घेतला.

त्या साली तिनं गोफण मारली की थवा उठे, एक घिरटी घाली आणि परत तिच्याच कडुनिंबावर बसे. मी मचाणावर शेंगा फोडत होते.

"तुह्या झाडाले काय झालं वं?"

"चुलीत गेलं, जाऊबाई."

काढणीनंतर ती बियाणं मागायला आली. बायका जमेपर्यंत मी तिला बसवून ठेवलं. मग सगळ्यांत टपोरी, भरलेली कणसं निवडून सुपात घातली. बारकी दिली असती तर एका दिवसात फिटलं असतं.

पुढच्या पावसाळ्यात तिचं वावर माझ्या बियाण्यानं हिरवं झालं. धुऱ्यावरून जाताना मी रोज विचारायचे, "कशी आहे जाऊबाई, आमची ज्वारी?"