रेबोसो आणि अक्काचं लुगडं

लिहिण्याचा अधिकार मला नाही, हे आधीच मान्य करते. आयुष्यभर महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवलं. स्वतःविषयी एक ओळ कधी लिहिली नाही. साठी उलटल्यावर हे धाडस करते आहे, त्याबद्दल क्षमा असावी. जे सांगणार आहे ते आजवर कुणालाही — माझ्या मुलालासुद्धा — सांगितलेलं नाही.

मुलगा नोकरीसाठी मेक्सिकोला गेला; सून तिथलीच. तिच्याशी चार शब्द बोलता यावेत म्हणून मी राजारामपुरीत स्पॅनिशच्या वर्गाला जाऊ लागले. तिथे एक शब्द भेटला — रेबोसो. शब्दकोशात अर्थ होता ‘शाल’. आमच्या तरुण शिक्षिका म्हणाल्या, तेवढ्यानं भागत नाही. ते बायकांचं लांब, हातमागाचं वस्त्र. थंडीत खांद्यावर, उन्हात डोक्यावर, बाजारात ओझ्याला, आणि — मूल पाठीशी बांधायला. घरातलं असं एखादं वस्त्र आणा, त्याचा वापर सांगा, असं त्यांनी सुचवलं.

मला शोधावं लागलं नाही. माझी थोरली बहीण, अक्का, डोळे तपासायला गडहिंग्लजहून आली होती. आई उसाच्या भांगलणीला जायची, तेव्हा अक्कानं मला अर्ध्या इरकली लुगड्यात पाठीशी बांधून वाढवलं. चौथीनंतर तिची शाळा सुटली, ती माझ्यामुळे. ते लुगडं ती अजून उशाला घेते. परगावी निघाली तरी पिशवीत असतं. ‘मीबी येतो की,’ म्हणाली, आणि वर्गात शेवटच्या खुर्चीवर बसली.

मी वापर छान सांगितला. घडी कशी, गाठ कुठे — सगळं. मग एका मुलीनं विचारलं, ‘मॅडम, तुम्हाला ह्यात बांधायचं कोण? मागं बसल्यात त्या मावशी?’

‘हो. त्या आमच्याकडे कामाला होत्या.’

का म्हणाले? कुणी भाग पाडलं होतं का? नाही. अक्का दिसत नव्हती का? — दिसत होती.

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. अक्का उठली, तिनं पदर सावरला.

‘व्हय की. मीच सांभाळलंय बाईस्नी. लई किरकिऱ्या हुत्या! पाठीवर मुतायच्या, आन् वर मलाच चिमटं काढायच्या.’

वर्ग हसला. मीही हसले. त्या वाक्यापेक्षा ते हसणं मला अधिक छळतं.

दुसऱ्या दिवशी तिला स्टँडवर सोडलं. एसटीच्या खिडकीतून ती म्हणाली, ‘येतो, बाई.’ तोवर ती मला ‘बाळे’ म्हणायची — माझे केस पिकले तरी.

तीन वर्षं झाली. दर रविवारी तिचा फोन येतो. ‘बाई, जेवलासा?’ त्या आवाजात राग नसतो. चेष्टा असते का, तेही कळत नाही. मी ‘हो’ म्हणते. एकदाही तिला थांबवलेलं नाही.

तुम्हाला थोरली बहीण आहे? ती तुम्हाला काय म्हणून हाक मारते?