मोंबासाच्या बोटीवर अर्धी केबिन

वसंताने मोंबासाहून बोलावणं पाठवलं आणि मी दुसऱ्याच दिवशी शाळेत रजेचा अर्ज दिला. वसंता माझा धाकटा भाऊ, तिथे रेल्वेच्या कचेरीत आहे. त्याच्या बायकोचं पहिलं बाळंतपण होतं, म्हणून मी यावं, हे झालं वरवरचं कारण. खरं कारण पत्राच्या शेवटच्या चार ओळींत होतं. तिथे कापडाचं दुकान असलेले एक विधुर गृहस्थ होते, दोन मुलं होती, माणूस निर्व्यसनी. 'ताई, तू येऊन बघ, मग ठरव.'

कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत सात माणसं. तिथे बसून असल्या गोष्टीचा विचार होत नाही. भाजी निवडताना आई मत देणार, पाटावर बसल्या बसल्या थोरला भाऊ मत देणार. म्हणून मी मनाशी ठरवलं की हा विचार बोटीत करायचा. आठवडाभर समुद्र, एक केबिन, आणि मी. मुंबईच्या एजंटाने तसं कळवलंही होतं: केबिन दोघांची आहे, पण हंगाम नाही, दुसरी जागा बहुधा रिकामीच जाईल.

त्या 'बहुधा'वर विश्वास ठेवू नका, हा या लेखातला पहिला सल्ला.

ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी थोडं कामाचं. कोल्हापूरहून पुण्यापर्यंत छोटी गाडी, पुण्याला सामानासकट गाडी बदलायची. तिथले हमाल आपल्या पेट्या बघूनच भाव वाढवतात, तेव्हा आधी ठरवून घ्यावं. देवीची आणि पीतज्वराची लस टोचल्याचे दाखले वरच ठेवावेत, ट्रंकेच्या तळाशी नव्हे. माझे तळाशी होते. गोदीतल्या बाकावर मी सगळ्या जगासमोर ट्रंक उपसली आणि आईने वसंतासाठी दिलेले लाडू एका साहेबाच्या बुटांपर्यंत घरंगळले.

एवढं सगळं करून मी केबिनमध्ये पोचले. खालीवर दोन बिछाने, एक बेसिन, एक गोल खिडकी. खालचा बिछाना माझा, तिकिटावर तसं लिहिलेलं. त्या बिछान्यावर एक बाई मांडी घालून बसली होती. शेजारी गुळाची अख्खी ढेप, तिखटाचा डबा आणि कांद्यांची पिशवी.

"या की," ती म्हणाली, जणू मी तिच्या सोप्यात आले होते. "कुनीकडच्या?"

"कोल्हापूरच्या. तो बिछाना माझा आहे."

"आगं बया! कोल्लापूरची! मी बिद्रीकडची. बरं झालं बाई, देवच पावला."

"तुमचा बिछाना वरचा आहे."

तिने मान वर करून शिडी पाहिली. "आनि मी काय माकड हाय व्हय, वर चढाया?"

ही आक्काताई. पन्नाशी ओलांडलेली, आडव्या बांध्याची, शेतात उभं राहून बैलांशी बोलावं तशा आवाजाची. लेकाचं मोंबासात मोटारी दुरुस्तीचं दुकान होतं. आई डेकवर उघड्यावर झोपायची नाही म्हणून त्याने हट्टाने केबिनचं तिकीट काढलं होतं. तिकडे माझे लाडू घरंगळत होते तेव्हा इकडे ती स्थिरस्थावर झाली होती. मी शिडी चढले. मुंबईचा किनारा मला दिसला नाही, कारण गोल खिडकी खालच्या बिछान्याच्या बाजूला होती आणि तिच्यासमोर आक्काताई होती.

पुढचे दिवस कसे गेले ते सविस्तर सांगत नाही, माझा रक्तदाब वाढतो. थोडक्यात सांगते. खिडकी मी उघडायचे, ती लावायची. "पानी आत आलं म्हंजे?" मी म्हणायचे पाणी खूप खाली आहे. ती म्हणायची, "आज खाली हाय. समुद्राचा काय नेम?" गुळाला मुंग्या लागल्या. अरबी समुद्राच्या मधोमध माझ्या उशीवर मुंग्यांची रांग होती, आणि ती रांग बिद्रीहून आलेली होती. केबिनची साफसफाई करणारा गोव्याचा नोकर ढेप बाहेर काढायला आला तर आक्काताई तिच्यावर हात ठेवून बसली. "लेकाला नेतोय. तुज्या बाचं काय जातंय?" तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "बाई, तुमच्या आईला जरा समजवा." माझी आई! मी ओरडून सांगितलं की या माझ्या कुणी नव्हेत. तर आक्काताई त्यालाच म्हणाली, "रागाला लई. शाळंत मास्तरीन हाय न्हवं."

आणि बोलणं. सकाळी डोळा उघडायच्या आत सुरू. म्हैस कुठली, दूध किती, थोरल्या जावेने काय केलं, भावकीने बांध कसा कोरला. मी पुस्तक उघडलं की ती विचारायची, "काय लिवलंय?" मी डेकवर गेले की थोड्या वेळाने मागून हाक, "आगं मास्तरीनबाई, कुठं गेलतीस?" सगळी बोट वळून बघायची.

जेवणाबद्दल मात्र खरं ते लिहिते. बोटीवरच्या हिंदू खानावळीत डाळ-भात बरा मिळतो, भाज्या उकडलेल्या आणि दुःखी. सोबत चटणी न्याच. आक्काताईचं तिखट नसतं तर मी अर्धपोटी राहिले असते. पण तेही ती सुखाने देत नसे. पानात घालताना विचारायची, "एवढी तीस-बत्तीस वर्साची झालीस, लगीन का न्हाय केलंस?"

चौथ्यांदा विचारल्यावर मी कंटाळून सांगून टाकलं. स्थळ आहे, विधुर आहेत, एक मुलगा आणि एक मुलगी आहे, कापडाचं दुकान आहे, अजून ठरलेलं नाही. मला वाटलं, आता तरी गप्प बसेल.

"मग कर की!" ती म्हणाली. "घर हाय, दुकान हाय, पोरं आयती हायत. आनि काय पायजे?"

"मला विचार करायचाय."

"कशाचा?"

या 'कशाचा'ने मी चिडले. म्हणून मी म्हणाले, "नाही म्हणायचा अधिकार मला आहे."

"मग म्हन की न्हाई. म्हनून दाव."

"नाही."

"असलं बारीक? कोन ऐकतंय हे?"

त्यानंतर रोज हाच वाद. ती स्थळाची बाजू घ्यायची, मी विरोधी पक्षात. विचार करायला म्हणून बोटीत बसलेली मी, आणि दिवसभर भांडत होते!

सेशेल्सला बोट थांबते तेव्हा जरूर उतरा. बोट दूर नांगर टाकते, लहान लाँचमधून किनाऱ्यावर नेतात. हिरवा डोंगर थेट पाण्यात उतरलेला, दालचिनीचा वास, शहाळी स्वस्त. आक्काताई लाँचला घाबरून राहिली आणि मला अर्धा दिवस सुट्टी मिळाली. मी एकटी चालले, एकटी शहाळं प्याले, एका भिंतीवर बसून पाय हलवले. कुणी काही विचारलं नाही. सबंध प्रवासातला तो माझा सर्वांत सुखाचा वेळ, हे मी आजही लिहून देईन.

परत आले तर केबिनचं दार सताड उघडं. आत आक्काताई, दोन गुजराती बायका आणि डेकवरची एक रत्नागिरीची बाई, सगळ्या वसंताचे लाडू खात बसलेल्या. रत्नागिरीची बाई मला पाहताच सरकून म्हणाली, "या हो. दोन मुलं म्हणजे फार नव्हेत. मुलगी केवढी आहे म्हणता?"

मी त्या तिघींना बाहेर काढलं. मग आक्काताईकडे वळले. काय बोलले ते सगळं आठवत नाही. तुम्हाला अक्कल नाही, हा माझा आयुष्याचा प्रश्न आहे, तुमच्या म्हशीचा बाजार नव्हे, असं बरंच. आवाज इतका चढला की शेजारच्या केबिनमधून भिंतीवर ठोकलं गेलं. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "लाडू मातर झ्याक झाल्यात."

मी वरच्या बिछान्याच्या कडेला दोरी बांधून माझं एक पातळ खाली सोडलं आणि दोघींच्या मधे पडदा केला. म्हणजे खालच्या बिछान्याला आता माझी सावलीसुद्धा दिसू नये. त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या सकाळी मी तिच्याशी एक अक्षर बोलले नाही. तीही गप्प. मला हवी होती ती शांतता अखेर मिळाली, आणि मी हट्टाने पुस्तक वाचत बसले.

दुपारी पडद्याआडून आवाज आला. नेहमीपेक्षा खालचा.

"बाई, रागाव, पन बोल. मी कवा एकली निजल्यालो न्हाय. घरात ईस मानसं. ह्ये इंजिन आयकत पडलं की जीव घाबरतोय. म्हनून बडबड करतोय."

मी विचारलं, "मग लेकाकडे तुमचं कसं व्हायचं? तिथे तर तो आणि सूनच."

तिखटाच्या डब्याचं झाकण दाबून लावल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "त्येच की."

तिचं शेत पुतण्यांकडे गेलं होतं. लेक परत यायचा नव्हता. ती आता कायमचीच निघाली होती आणि हे ती आठवडाभर म्हशीच्या गप्पांखाली झाकत होती. मी पडदा काढला. फार प्रेमाने काढला असं समजू नका. पातळ मला दुसऱ्या दिवशी नेसायचं होतं. पण खाली येऊन तिच्या बिछान्याच्या टोकाशी बसले. तिने लगेच विचारलं, "पोरगी केवढी हाय म्हनालीस त्येंची?" आणि मी पुन्हा चिडले.

मोंबासा सकाळी लागलं. धक्क्यावर वसंता उभा होता, शेजारी पांढऱ्या कोटातले एक गृहस्थ, हातात हार. पाठीमागे रेल्वे कचेरीतली पाचसहा मराठी माणसं. मी जिना उतरले तसा वसंता पुढे आला आणि मोठ्याने म्हणाला, "ताई, हे भाऊसाहेब. पुढल्याच आठवड्यात मुहूर्त आहे, मी शब्द दिलाय."

'तू येऊन बघ, मग ठरव' हे त्याचंच वाक्य होतं. माझी जुनी सवय मला माहीत आहे. अशा वेळी चार माणसांसमोर मी मान खाली घालते, घरी जाऊन बोलू म्हणते, आणि घरी जाईपर्यंत सगळं ठरून गेलेलं असतं. पण सबंध आठवडा मी दिवसातून दहा वेळा नाही म्हणत आले होते. तोंडाला वळण पडलं होतं.

"नाही," मी म्हणाले. "मला न विचारता दिलेला शब्द तू परत घे. मी बाळंतपण करीन आणि रजा संपायच्या आत घरी जाईन."

धक्क्यावरचे हमालसुद्धा थांबले. वसंताचा चेहरा पडला. भाऊसाहेबांनी हार हळूच पाठीमागे नेला आणि म्हणाले, "बरोबर आहे बाईंचं. मला तरी कुठे विचारलं? काल संध्याकाळी सांगितलं, उद्या हार घेऊन या." माणूस खरंच चांगला होता. चांगल्या माणसाला नाही म्हणणं जास्त अवघड असतं, हे मला तेव्हा कळलं.

मागून आक्काताई लेकाच्या हाताला धरून उतरत होती. माझ्याजवळ थांबली. "येडी हाईस. सोन्यासारखं स्थळ घालवलंस." मग माझ्या दंडाला चिमटा काढून म्हणाली, "पन आवाज ब्येस निघाला."

वसंता महिनाभर माझ्याशी तुटक बोलत होता. मुलगी झाली तेव्हा निवळला. आक्काताईकडे मी दोनदा गेले. नातवंडं अजून नव्हती, सून दिवसभर दुकानात. पहिल्यांदा ती ओट्यावर एकटीच बसलेली दिसली. दुसऱ्यांदा ओट्यावर शेजारच्या तीन आफ्रिकन बायका होत्या. ती त्यांना मराठीत म्हशीबद्दल सांगत होती, त्या आपल्या भाषेत उत्तर देत होत्या, आणि चौघी हसत होत्या.

परतीच्या बोटीत दुसरी जागा खरोखरच रिकामी होती. आता तुम्ही म्हणाल, बाईला आक्काताईची आठवण येऊन रडू आलं असेल. मुळीच नाही. मी खालच्या बिछान्यावर झोपले, खिडकी मुंबईपर्यंत उघडी ठेवली, दोन पुस्तकं संपवली. उशीवर मुंगी नाही. ज्यांना परवडेल त्यांनी एकट्याची केबिन घ्यावी, यावर माझं मत पक्कं आहे. एवढंच की जाताना ती मिळाली असती, तर मी आठवडाभर शांतपणे विचार केला असता, दोन्ही बाजू नीट मांडल्या असत्या, आणि धक्क्यावर उतरून हार घालून घेतला असता.

कोल्हापूरला पोचून पंधरा दिवस झाले नाहीत तोच आत्या आली. गडहिंग्लजचं स्थळ घेऊन. वकील आहेत, शेती आहे, वय जरा जास्त. आई दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी स्टोव्हवर चहा ठेवला, आत्याला म्हणाले, "नाही," आणि साखर किती घालू ते विचारलं.